बिर्थेची निळी बोटं

"बिर्थे, तुझी बोटं कायम निळी का असतात गं? आंघोळ करत नाहीस का?"

विचारला टिल्डेने, पण प्रश्न तिचा नव्हताच. दुरुस्तीच्या दुकानाच्या काचेला बाहेरून नाकं चिकटवून खिदळणाऱ्या मैत्रिणींनी पैज लावली होती.

बिर्थेने चष्म्यावरून पाहिलं. "करते की! पण शाईला माझा लळा लागलाय. बोल, काय बिघडवून आणलंस?"

टिल्डेने कवेतला प्रिंटर टेबलावर ठेवला. उद्या आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार. सकाळी त्यांच्या दाराला हिरव्या डहाळ्यांची कमान बांधून बाबांनी रचलेलं गाणं सगळ्यांनी म्हणायचं. गाण्याचा कागदच नसेल तर म्हणणार काय, कपाळ? आणि प्रिंटर समुद्राकाठच्या सुट्टीघरात हिवाळाभर पडून होता. निळा रंग गायब. गाण्याच्या कागदावर छापलेल्या लग्नाच्या फोटोतले आजी-आजोबा उकडलेल्या खेकड्यांसारखे तांबडे!

"सफाईचं बटण कोणी दाबलं?"

"बाबांनी. शाई संपत आली तरी दाबतच होते."

"वाटलंच! आतून कडी लागलेलं दार धक्के मारून उघडतं का?"

बिर्थेने कागदी रुमालाची घडी शुद्ध पाण्याने ओली केली, शाई सोडणाऱ्या प्रिंटहेडखाली अलगद सरकवली आणि चक्क स्वतःसाठी कपात कॉफी ओतली.

"आता?"

"आता थांबायचं. हिवाळाभर सुकलेली शाई. तिला वेळ नको?"

कॉफी पिताना तिने टिल्डेने आणलेल्या तांबड्या कागदावरून बाबांचं गाणं गुणगुणलं आणि तिसऱ्या कडव्यावर ठेचकाळली. "तुझ्या बाबाला ताल नाही हं!" मग काचेवरच्या पाटीकडे मान वळवून म्हणाली, "उन्हाळ्यात बंद करतेय दुकान. लोक जुना फेकून नवाच आणतात. हे शिकायला कोण येतंय?"

टिल्डेने पाटी पुन्हा एकदा वाचली.

चाचणीचं पान निघालं. निळ्या रेघा फळ्या पडलेल्या कुंपणासारख्या. "अजून थोडं. या वेळी घडी तू सरकव. जोर नको, मांजरीला उठवतेस असं समज." टिल्डेने श्वास रोखून घडी सरकवली. पुन्हा वाट पाहिली. पुन्हा पान. कुंपण अखंड! टिल्डे अशी किंचाळली की काचेबाहेरच्या मैत्रिणी दचकल्या.

सकाळी कमानीखाली सगळे गायले. तिसऱ्या कडव्यात सगळेच अडखळले, आजी हसता हसता रडली. टिल्डेने बोलावलेली बिर्थे मागे उभी होती. ती गात नव्हती. हातातल्या कागदावर आजीच्या लग्नातल्या निळ्या शालीवरून तिचं बोट हळूच फिरत होतं.

आई कुजबुजली, "टिल्डे, बोटं बघ तुझी! धू आधी."

"धुतलीत," टिल्डे म्हणाली. "आणि आई, बाबा, ऐका. या शनिवारपासून मी बिर्थेकडे शिकायला जाणार. विचारत नाहीये, सांगतेय."