पसरणीच्या घाटात एमएच सव्वीस

आमच्या घरात घाटावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी बांधावरूनही झाली नाहीत. आमचे मालक भुजंगराव अर्धापूरला केळी लावतात आणि त्यांचे दोस्त सलीमभाई नांदेडला देगलूर नाक्याजवळ गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. दोघांची बैठक बसली की विषय ठरलेला, कुठला घाट भारी. मालक म्हणायचे माहूरचा, सलीमभाई म्हणायचे उटीचा.

"उटीत काय हाय? माहूरला वर गेलं की देवी हाय."

"भुजंगराव, उटीला अशी वळणं हायेत की माणसाला आपलीच पाठ दिसती."

चहा मी करायची, म्हणून हे सगळं मला तोंडपाठ.

मला मात्र तिसऱ्याच घाटाशी काम होतं. माझी लेक स्वप्नाली पाचगणीला दिलेली. वाईहून पसरणीचा घाट चढला की तिचं घर. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मी तिच्या घरचा उंबरा पाहिला नव्हता. लग्न अर्धापुरात झालं, पहिलं बाळंतपणही आमच्याकडेच झालं. मी जायचं म्हटलं की मालकांचं काहीतरी निघायचं. केळीला पाणी, केळीला खत, केळीला गिऱ्हाईक. काहीच नसलं तर म्हणायचे, "त्या घाटात बघण्यासारखं काय हाय?" जणू मी घाट बघायला चालले होते. एसटीनं जाते म्हटलं तर दारात गाडी असताना लोक काय म्हणतील.

गाडी मला चालवता येते, हेही सांगून ठेवते. दोन वर्षांमागं मालकांचा पाय प्लास्टरात होता, तेव्हा नांदेडला क्लास लावून मी लायसन काढलं. दवाखान्यात त्यांना मीच नेलं-आणलं. ज्या दिवशी प्लास्टर निघालं, त्या दिवशी चावी परत त्यांच्या खिशात गेली.

या साली स्वप्नालीला दुसरी मुलगी झाली, तिकडंच. बारशाचं सांगायला तिचा फोन आला आणि शेवटी ती म्हणाली, "आई, आता नाही आलीस तर मी समजेन तुला यायचंच नाही." मी फोन ठेवला आणि रडले. मग डोळे पुसून पिशव्या भरल्या. झबली, टोपडी, लेकीला लुगडं, केळीचा घड. सगळं घेऊन गाडीत जाऊन बसले आणि म्हटलं, आता मी उतरत नाही. मालकांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि सलीमभाईंना फोन लावला. "तू पण चल रे. घाटाचा अनुभव हाय तुला."

अर्धापूरहून नांदेड, नांदेडहून लातूर. तोवर आमचे मालक राजे होते. आमच्याकडं गाडी रस्त्याच्या मधोमध चालवतात. एका बाजूला खड्डे, दुसऱ्या बाजूला म्हशी, मग माणूस जाणार कुठं? हॉर्न आधी आणि गियर नंतर. उलट्या बाजूनं येणारा आपल्याकडं असं बघतो की आपल्यालाच वाटावं, चुकलंच आपलं. आणि ओळखीचं कुणी समोरून आलं तर दोन्ही गाड्या रस्त्याच्या मधी काच खाली करून उभ्या. तब्येत, पाऊस, पोरीचं लग्न, सगळं विचारून झाल्याशिवाय कुणी हलत नाही. मागचेही हॉर्न वाजवत नाहीत, कारण उद्या त्यांनाही कुणीतरी भेटणार असतं.

लातूरला सलीमभाईंच्या लेकीकडं, सादियाकडं मुक्काम केला. लातूरच्या रस्त्यावर मालकांची चिडचिड झाली. तिथं क्लासची पोरं स्कूटीवर अशी सुटतात की पेपर सुरू झालाय आणि हॉल तिकीट घरी राहिलंय. मालक सादियाला म्हणाले, "तुमच्या लातूरची माणसं शिकलेली हायेत, पण गाडी चालवाया कुणी शिकवलं न्हाई." सादिया हसून म्हणाली, "चाचा, आम्ही म्हणतो नांदेडची माणसं गाडी चालवत न्हाईत, वरात काढतेत." मला ते फार आवडलं. मालकांनी भाजी पुन्हा वाढून घेतली आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. बारसं संध्याकाळचं होतं. बार्शी, फलटण मागं पडलं तशी रस्त्यावरची माणसं बदलत गेली. उसाचा ट्रॅक्टरवालासुद्धा बाजूला घेऊन हात करायचा, या पुढं. मालकांना त्याचा राग यायचा. "एवढं सोज्वळ वागायची काय गरज हाय?" वाईला चहा झाला. मालकांनी दोन कप घेतले, मग तिसरा मागवला. सलीमभाई उटीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी आपली लेकीच्या विचारात होते, माझ्या लक्षात आलं नाही.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणाला मालकांनी गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि मग काढलीच नाही. चालवत होते ती आपल्या सवयीनं, मधोमध. दुसऱ्या वळणाला गाडी कडेला लावून म्हणाले, "जरा सीन बघू." उतरून सीन बघितला. वाई खाली आगपेटीएवढी दिसत होती. पुढच्या वळणाला पुन्हा सीन. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्या नव्या लुगड्याकडं कधी बघितलं नाही आणि आता डोंगराकडं बघत होता. मी म्हटलं, "अहो, आपण पोचायच्या आधी बारसं उरकायचं." त्यांच्या मानेवर घाम होता.

आणि मग समोरून उतारानं एक गाडी आली. नंबर एमएच सव्वीस. नांदेडची.

मालकांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं सख्खा भाऊच भेटला. त्यांनी हात बाहेर काढला, गाडी थांबवली, आणि समोरची गाडीही थांबली. बरोबरच आहे, तीही आमच्याकडचीच. भर घाटात दोन्ही गाड्या काचेला काच लावून उभ्या. स्टेअरिंगवर एक तरुण पोरगी होती, शेजारी तिची आई.

"कुठलं गाव?"

"हदगाव, काका. मी लुंबिनी. ही आई, नागुबाई. महाबळेश्वर बघून चाललो."

"हदगावात कुणाच्या?"

सुरू झालं. कोण मास्तर, कोण सरपंच, सोयाबीन कसं आहे, हिमायतनगरचा पूल झाला का. खालून वर गाड्यांची रांग लागली, वरून खाली लागली. एका बसमधली माणसं खाली उतरून उभी राहिली. आणि मालकांचे प्रश्न काही संपेनात. नागुबाईच्या माहेरापर्यंत गेले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस गप्पा मारत नव्हता. हा माणूस पुढं जायचं टाळत होता.

शेवटी लुंबिनीच म्हणाली, "काका, मागं लई गाड्या थांबल्यात. निघते मी." आणि ती सफाईनं वळण उतरून गेली. आम्ही तिथंच. मालकांनी गाडी बंद केली होती आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

मागच्या गाडीतला माणूस उतरून आला. मला वाटलं आता आईबहीण काढणार. तो वाकून म्हणाला, "काका, काही मदत करू का?" शिव्या दिल्या असत्या तर मालकांनी दहा दिल्या असत्या आणि जोरात गाडी सुरू झाली असती. या आपुलकीनं ते पार खचले.

"शिवकन्या," ते हळूच म्हणाले. नावानं ते मला फक्त तापात हाक मारतात. "मला भ्या वाटून राहिलं. पहिल्यापासनंच वाटतं. माहूरला बी तुझा भाऊच चालवायचा."

पाच वर्षं. केळीचं पाणी, केळीचं खत आणि लोक काय म्हणतील. माझा संताप डोक्यात गेला. त्याच दमात मला त्यांची दयाही आली. मागं वळून म्हटलं, "सलीमभाई, तुम्ही घ्या."

सलीमभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "भाभी, उटीला मी बसमधी गेलतो. आन् डोळे मिटून बसलतो."

मी उतरले आणि पलीकडून जाऊन स्टेअरिंगवर बसले. मालक मुकाट्यानं मागं जाऊन बसले. घाट मीही कधी चालवला नव्हता. चढावर क्लच सोडताना गाडी मागं घसरली, मी करकचून ब्रेक दाबला. त्या भल्या माणसानं चाकामागं धोंडा लावला आणि म्हणाला, "घाई नका करू, मावशी." दुसऱ्यांदा गाडी उचलली. मी डाव्या बाजूनं गेले, वळणावर हॉर्न दिला, वरून येणारे माझ्यासाठी थांबले. भीती वाटत होती आणि मजाही येत होती, दोन्ही एकदम. वर पोचता पोचता मागून आवाज आला, "सलीम, खरं सांगू, माहूर याच्यापेक्षा सोपाच हाय." "उटी पण, भुजंगराव. बसमधून तरी." आरशात बघितलं तर दोघांच्याही तोंडावर रंग आला होता.

स्वप्नालीच्या दारात गाडी लावली, तेव्हा सगळे मागच्या अंगणात होते. पाळणा सजला होता, बारसं व्हायचं होतं. आमचे व्याही स्ट्रॉबेरीवाले, मोठे हौशी. त्यांनी मालकांना मिठीच मारली. "या भाऊ. घाट जड गेला का?"

मला माझ्या नवऱ्याची थाप ऐकायची सवय आहे, पण ही थाप पडली तर पुढच्या खेपेलाही मी त्यांच्या केळीच्या पाण्याची वाट बघत बसणार होते.

"म्या न्हाई चालवला," मालक म्हणाले. "हिनं चालवला. मला भ्या वाटलं."

सगळं अंगण हसलं. व्याही म्हणाले, "मराठवाड्याची माणसं लई गमतीची." मालकांनी पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं, तसं लोक आणखी हसले. जन्मभर या माणसाच्या थापा लोकांनी खऱ्या मानल्या आणि आज खरं बोलला तर कुणी ऐकेना. सलीमभाई छातीवर हात ठेवून म्हणाले, "खुदा कसम, खरं हाय." त्यालाही लोक हसले.

एकटी स्वप्नाली तेवढी हसली नाही. ती बाळाला घेऊन वडिलांच्या अगदी समोर आली. तिनं त्यांना पूर्वी कधी हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आई तिची ती येऊ शकते?"

"कधी बी," मालक म्हणाले. "मला इचारायचं काम न्हाई."

स्वप्नालीनं बाळ माझ्या हातात दिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. मीही रडले. रडता रडताच आम्ही दोघींनी पुढच्या महिन्यातला वार ठरवून टाकला. मालक बाजूला उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, मागं बसून यायची परवानगी आहे का.

म्हटलं, आहे. पण घाटात तोंड उघडायचं नाही.

बाळाकडं बघत त्यांनी मान डोलावली.