वेल्डरचे आठ रविवार

मी घड्याळं दुरुस्त करतो आणि एकोणीस वर्षं आमच्या सायकल क्लबच्या शर्यतींची वेळ लावतो. बंद पडलेल्या टोलनाक्यापासून पंपहाऊसपर्यंत दहा किलोमीटर आणि परत दहा. एकेकट्याने, मिनिटामिनिटाच्या अंतराने. नियम माझेच आहेत. सेकंदाचा तुकडा उरला तर तो पूर्ण सेकंद धरायचा. हंगामाचे आठ रविवार, एकाआड एक. एक जरी चुकला तरी यादीतून नाव कापायचं. म्हणून सगळे मला पाठीमागे खडूस म्हणतात. तोंडावर म्हणायचा तो फक्त वेल्डर.

साथीच्या वर्षी जमायला बंदी आली. सकाळी दोन तास व्यायामाची तेवढी मुभा होती. तेव्हा ठरलं की ज्याने त्याने एकट्याने जायचं, आपली वेळ आपणच लावायची आणि मला पाठवायची. मला हे मुळीच पसंत नव्हतं. पाय आपलेच आणि घड्याळही आपलंच, मग शर्यत कसली? पण शर्यतच नसण्यापेक्षा हे बरं, म्हणून गप्प बसलो.

वेल्डर खिडक्यांचे गज आणि फाटकं करायचा. त्याची हिरवी सायकलही त्यानेच जोडलेली. अकरा वर्षं त्याची वेळ छत्तीस मिनिटं आणि वर काही सेकंद. या हंगामातले पहिले तीन रविवार तसेच गेले. चौथ्या रविवारी त्याचा निरोप आला : एक तास सोळा मिनिटं आठ पूर्णांक शेहेचाळीस सेकंद.

मी क्लबच्या ग्रुपवर लिहिलं, "वेल्डर, सायकल चालवलीस की डोक्यावर घेऊन चाललास?" सगळे खिदळले. बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं, "जरा दम लागतो." मला आणखी चेव चढला. मी लिहिलं, "वय झालं बाबा. आता नातवाची तीनचाकी घे." ते वाक्य अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी पुसलेलं नाही.

पाचव्या रविवारीही तेच. एक तास तेरा मिनिटं आणि पुन्हा सेकंदाचे तुकडे. वेळेपेक्षा ते तुकडेच मला जास्त खुपले. अकरा वर्षांत या माणसाने एकदाही तुकडा पाठवला नव्हता. फोन केला तर उचलेना, नुसता निरोप आला, "कामात आहे." कुठेतरी पाणी मुरत होतं. हा घरी झोपा काढतोय आणि दुसऱ्याच कुणाला सायकल देऊन रविवार भरून घेतोय, अशी माझी खात्री पटली. ज्याला इतकी वर्षं मानलं, त्यानेच माझ्या डोळ्यांत धूळ फेकावी? माझं डोकं फिरलं.

सहाव्या रविवारी उजाडतानाच मी पंपहाऊसच्या कठड्यावर जाऊन बसलो. तासाभराने हिरवी सायकल आली. वर क्लबचा निळा शर्ट, पण बाह्या कोपराखाली लोंबत होत्या. सीट उंच, पाय पेडलला जेमतेम टेकत होते.

"ए! थांब! कुणाची सायकल आहे ती?" मी ओरडत रस्त्यात उभा राहिलो.

ब्रेक दाबला गेला, पाय जमिनीला पुरला नाही, आणि सायकल स्वारासकट खडीत आडवी झाली. उचलायला धावलो आणि दोन हातांवर थबकलो. दिवसच तसे होते. स्वाराने उठून तोंडावरचा मास्क खाली केला. वेल्डरची बायको होती. जिच्या हातचा चहा मी अकरा वर्षं प्यायलो, ती वहिनी.

"वहिनी, तुम्ही? तो कुठे आहे?"

"ते गेले, भाऊजी. महिना होऊन गेला."

तिच्या कोपरातून रक्त येत होतं.

"दवाखान्याची गाडी दाराशी आली, तेव्हा चप्पल घालता घालता म्हणाले, रविवार चुकवू नकोस गं, नाहीतर तो खडूस नाव कापेल. हसत म्हणाले. पण तेच शेवटचं बोलणं. पुढे भेटूच दिलं नाही. सगळं परस्पर उरकलं, मला तोंडही बघायला मिळालं नाही. मग मी दुसरं काय करणार होते?"

"मला कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर तुम्ही नाव कापलं असतं. तेवढ्या एका यादीत ते अजून होते."

मी ग्रुपवर लिहिलेलं मला आठवलं. "वहिनी, ते मी जे लिहिलं..."

"ते हसले असते," ती म्हणाली. "मला नाही जमलं हसायला."

तिच्या गळ्यात वेल्डरचं स्टॉपवॉच लोंबत होतं. आकडे पळत होते. दुसऱ्याने मारलेली फेरी धरायची नाही, हाही माझाच नियम. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "घड्याळ चालू आहे. निघा."

"म्हणजे?"

"पडण्याचा वेळ वजा होत नाही. लवकर निघा, वहिनी."

तिने बाहीने डोळे पुसले आणि सायकल उचलली. ती वळणापलीकडे गेल्यावर मी त्या कठड्यावर बसून लहान पोरासारखा रडलो.

त्या दुपारी तिच्या फाटकाशी जाऊन मी सीट चार बोटं खाली केली. तुकडा पूर्ण सेकंद धरायचा, हेही सांगितलं. संध्याकाळी क्लबला खरं काय ते कळवलं. कुणी हरकत घेतली नाही.

सातवा रविवार तिने एकटीने काढला. आठव्याला मी टोलनाक्यावर गेलो. सुरुवातीला स्वार दोन्ही पाय पेडलवर ठेवतो आणि मागून कुणीतरी सीट धरतं. त्या वर्षी धरायला बंदी होती. मी हातमोजे घातले, मास्क वर ओढला आणि धरली.

धरणाऱ्याचा नियम सोपा आहे. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, वेळ झाली की सोडायचं. हे काम मी शेकडो वेळा केलंय.

"पाच, चार, तीन, दोन, एक."

माझा हात सुटेना. वेल्डरचा शेवटचा रविवार होता तो. यानंतर यादीत त्याची ओळ नसणार होती.

"भाऊजी," ती पुढे बघतच म्हणाली, "सोडा आता."

मी सोडलं. एक तास चार मिनिटं बावीस सेकंद. त्यातला पहिला सेकंद माझा होता, पण यादीत मी तो वजा केला नाही. वेल्डरला ते चाललं नसतं.