एकमताने

इंग्रजी साहित्याचा इतिहास हा पेपर बाईंनी सव्वीस वर्षं शिकवला, तोही भिंतीवर. वर्गात या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद चिकटवलेला. वरच्या पट्टीत राजे, लढाया, साथी. खालच्या पट्टीत पुस्तकं. प्रत्येक मुलाने वर्षभरात एक तरी दोरा घटनेपासून पुस्तकापर्यंत टाचायचा आणि तो तिथेच का, ते सगळ्यांना पटवून द्यायचं. प्लेगने नाटकगृहांना कुलपं लागली तेव्हा नाटकवाल्यांनी पोटासाठी काय लिहिलं, हे तिथे कळायचं. नुसता घोकंपट्टीवाला तिथे हमखास तोंडघशी पडायचा.

याच वर्गातून सनावळी निघाला. सगळी सालं जिभेच्या टोकावर, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. बाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं, स्वतःची पुस्तकं दिली, नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकला. आता तो विभागप्रमुख, म्हणजे बाईंचाच साहेब. बाईंना त्याचं कोण कौतुक. आंधळं प्रेम काही फक्त तरुणपणीच होत नाही.

हा पेपर काढून त्याजागी संवादकौशल्य आणायचं, अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा बाई धास्तावल्या. निवृत्तीला दोनच वर्षं होती, पण पेपर गेला की तो कागद उतरणार आणि पुन्हा कुणी दोरा टाचणार नाही. सनावळी घरी आला, दोन कप चहा प्यायला आणि म्हणाला, "बाई, मी असताना तुम्ही कशाला काळजी करता?" त्या निर्धास्त झाल्या.

बैठकीत ठराव मांडला तो त्यानेच. वर बाईंचंच वाक्य पुढे केलं. "बाई आम्हाला शिकवायच्या, पुस्तक हे त्याच्या काळाचं असतं." बाईंचं वाक्य तिथे संपत नव्हतं. पण ते त्या काळात मावत नाही, असं पुढे होतं. तेवढं त्याने गिळलं. विसरला म्हणावं तर त्याला आख्खा वर्ग पाठ होता. सहा हात वर गेले, बाईंचा एकटीचा खाली राहिला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा आवाजही चढवत नव्हता.

चार दिवसांनी तो बैठकीचं इतिवृत्त घेऊन सहीसाठी आला. टाइप केलेलं, नीटनेटकं. बाईंनी वाचलं. 'ज्येष्ठ प्राध्यापिकांच्या सूचनेवरून हा पेपर एकमताने बंद करण्यात येत आहे.'

"सूचना माझी?"

"तुमचा मान राहावा म्हणून, बाई. उद्या कोणी म्हणायला नको की तुम्हाला डावललं."

"मी विरोध केला होता. तू समोर बसला होतास."

"कागदच तर आहे. फायलीत जाईल. शंभर वर्षांनी कोण वाचणार आहे?"

इतके दिवस बाईंना नुसता संताप होता. आता पहिल्यांदा भीती वाटली. याला सगळं समजत होतं, आणि ते त्यांनीच समजावलं होतं.

"तुझ्यामाझ्यासारखं कोणीतरी वाचेल," त्या म्हणाल्या. "आणि खरं समजून वर्गात शिकवेल."

त्याने टोपण काढून पेन त्यांच्यापुढे सरकवलं.