घाई नसलेल्या रस्त्याचं फाटक

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी फाटक आहे. वय विचाराल तर सहाच वर्षं झाली, पण विदर्भाच्या उन्हात उभं राहणाऱ्याची वर्षं दुपटीने मोजावी लागतात. माझा रंग मात्र अजून ताजा दिसतो, कारण दर दिवाळीला मला नवा हिरवा हात मारला जातो. माझी काळजी घेणारे खूप आहेत. त्याबद्दल तक्रार करायला मला जागाच नाही.

नागपूरहून उमरेडकडे निघालात की एका ठिकाणी कालवा लागतो. त्या कालव्याच्या कडेने आणि पुढे नदीच्या काठाकाठाने मुरमाचा रस्ता जातो, तो पाच किलोमीटरवर चाळीसेक घरांच्या एका गावाला लागतो. गावाकडच्या तोंडावर मी उभा आहे आणि हमरस्त्याकडच्या तोंडावर माझा जुळा भाऊ. आम्हा दोघांच्या मध्ये ना मोटार, ना फटफटी. फक्त सायकली, पळसाची झाडं आणि पाण्यावरचे बगळे.

आमचा जन्म नागपूरच्या लकडगंजातला. तिथे नुसतं लाकूडच विकतात असं समजू नका. आम्हाला जोडणारा वेल्डर मोठा हुशार होता. त्याने माझ्या एका बाजूला वाकडी फट ठेवली. सायकल त्यातून सहज निघते, फटफटी अडकते. कुलपावर त्याने जाड पाइपाचं टोपण बसवलं, म्हणजे कोणी दगड मारला तर तो कुलपाला लागूच नये. "हे तुटलं तर माझं नाव बदला," असं तो म्हणाला होता. ते ऐकून मी फार फुशारलो होतो.

आम्हाला करवून घेणारे होते नागपूरचे सायकलवाले. हाडांचे डॉक्टर कृष्णकांत हे त्यांचे पुढारी. माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगतो. दर रविवारी उजाडता उजाडता ही मंडळी जाड टायरच्या सायकली घेऊन यायची, मुरूम चाकाखाली करकरायचा आणि शहराच्या हॉर्नने विटलेले त्यांचे चेहरे खुलायचे. गावानेही आम्हाला आनंदाने होकार दिला होता, कारण रेतीचे ट्रॅक्टर जाऊन जाऊन कालव्याचा काठ खचत चालला होता. गावकऱ्यांची गाडी कधी अडू नये म्हणून एक किल्ली डॉक्टरांकडे आणि एक कवडूकडे, असं ठरलं. दोन्ही फाटकांना एकच किल्ली लागायची.

कवडू म्हणजे कालव्याचा जुना चौकीदार. नोकरी संपली तरी त्याची फेरी संपली नव्हती. माझे खड्डे त्यानेच खणले, सिमेंटही त्यानेच कालवलं, आणि मी सरळ उभा राहिलो की नाही हे तो चार वेळा लांब जाऊन बघून आला. त्याची बायको शोभाताई काठावर बसून हसत होती. तिने मला पहिल्याच दिवशी हळदकुंकू लावलं. लोखंडाला हळदकुंकू कशाला, असं मला वाटलं, पण आवडलं.

कवडूमध्ये एकच खोट होती. त्याला कोणालाही नाही म्हणता यायचं नाही. लग्नाचा टेम्पो आला, उघडलं. कोणाच्या विटा आल्या, उघडलं. मग एकदा पावसाळ्यानंतर टेम्पोच्या चाकांनी रस्त्यात नाल्या पाडल्या आणि एका रविवारी एक सायकलवाला तोंडावर आपटला. डॉक्टर रागावले नाहीत. उलट कवडूच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले की, कवडूभाऊ, हा रस्ता तुमच्या भरवशावर आहे. रागावले असते तर बरं झालं असतं. कवडूने तिथल्या तिथे करदोट्याची किल्ली सोडली.

"किल्ली माह्याजवळ असली का मले नाही म्हणता येत नाही, साहेब. तुमच्याजवळच ठेवा."

डॉक्टरांनी ती आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात घातली. त्या दिवसापासून माझ्या दोन्ही किल्ल्या नागपूरला राहू लागल्या आणि रस्ता अगदी गुळगुळीत झाला. सायकलवाले माझं कौतुक करायचे. मीही कडक उभा राहायचो.

मग गेल्या हिवाळ्यातला तो बुधवार आला. सकाळचे आठ वाजले असतील. गावातल्या प्रशिकची ऑटो माझ्यासमोर येऊन थांबली. मागच्या सीटवर शोभाताई होती, छाती धरून, घामाने निथळत. बाजूला कवडू. दुसऱ्या रस्त्याने गेलं तर एकोणीस किलोमीटर, तेही खड्ड्यांतून. प्रशिकने ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती हमरस्त्यावर, माझ्या भावापाशी येऊन उभी राहणार होती. म्हणजे फक्त पाच किलोमीटर पार करायचे होते आणि मध्ये मी होतो.

प्रशिकने डॉक्टरांना फोन लावला. ते ऑपरेशनमध्ये होते. दवाखान्यातल्या मुलीने निरोप सांगते म्हटलं. प्रशिकने दगड उचलला आणि माझ्या कुलपावर घालू लागला. आठ-दहा घाव घातले असतील. सगळे पाइपाच्या टोपणावर बसले. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? त्या वेळी मला वाईट वाटत नव्हतं. मला अभिमान वाटत होता की मी तुटत नाही.

शेवटी कवडू पळत घरी गेला आणि आपली जुनी सायकल घेऊन आला. शोभाताईला त्याने कॅरियरवर बसवलं, आपल्या दुपट्ट्याने सीटला बांधलं, आणि माझ्या त्या हुशार फटीतून सायकल पलीकडे काढली. प्रशिक पुढे पळाला, ॲम्ब्युलन्सवाल्यांना स्ट्रेचर घेऊन आत आणायला. कवडू एका हाताने हॅण्डल आणि दुसऱ्या हाताने बायकोला धरून सायकल ढकलत निघाला. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. बारीक टायर मुरमात रुतत होते. हा मुरूम जाड टायरवाल्यांच्या आवडीने टाकलेला होता.

मला वळणापर्यंतचंच दिसतं. त्या वळणावर समोरून अदिती आली. ही डॉक्टरांच्याच मंडळातली, आठवड्यातून दोनदा एकटी यायची. पळसाच्या फांद्यांतून कोवळं ऊन त्या दोघांवर पडलं होतं. मागे नदी होती. तिने पाय टेकला, फोन काढला आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, एकच मिनिट थांबता? किती छान दिसताय दोघं."

आणि कवडू थांबला. मी वर सांगितलंच आहे, त्याला नाही म्हणता यायचं नाही.

तिने तीन-चार फोटो काढले. मग कुठे निघालात, असं विचारलं.

"दवाखान्यात नेऊन राहिलो हिले," कवडू म्हणाला.

"हो का? सावकाश न्या हं," असं म्हणून ती घंटी वाजवत माझ्या फटीतून अलीकडे आली. तिला काही कळलं नाही. ऑटो आणि दगडाच्या खुणा तिच्या समोरच होत्या, पण ती फक्त पाणी प्यायली आणि फोनमधला फोटो तिने पुन्हा एकदा बघितला.

शोभाताई तिसऱ्या किलोमीटरवर गेली. स्ट्रेचर येताना दिसत होतं, असं प्रशिक नंतर सांगत होता. संध्याकाळी याच रस्त्याने तिला परत आणलं, तेव्हा मी उघडा होतो. ऑपरेशन आटोपल्यावर डॉक्टर स्वतः किल्ली घेऊन आले होते. त्यांचे डोळे ओले होते. कवडूने त्यांनाच पाणी दिलं.

महिन्याभराने रस्त्यासाठी एक मोठी पाटी आली. पाटीवर अदितीचा फोटो होता. त्याचं नागपुरात फार कौतुक झालं होतं म्हणे. डॉक्टरांनी त्यातला कवडू ओळखला, पण तो दिवस ओळखला नाही. ते म्हणाले, "कवडूभाऊ, तुमचा आणि वहिनींचा फोटो आहे. एवढीच आठवण राहील." कवडूने मान हलवली. पाटी माझ्या छातीवर ठोकली जात असताना स्क्रू त्यानेच धरले होते.

त्याला वाचता येत नाही. सगळे गेल्यावर त्याने आपल्या नातीला, सोनिकाला, खाली काय लिहिलं आहे ते विचारलं. ती दुसरीत आहे. बोट ठेवून ठेवून तिने वाचलं: गाडी नाही, धूर नाही, घाई नाही.

कवडूने फोटोतल्या दुपट्ट्याच्या गाठीवर बोट ठेवलं.

"घाई तं होती वं, पोरी," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या कुलपाची पहिल्यांदा लाज वाटली. लाज वाटून लोखंड वितळत नाही. मी आजही तसाच बंद आहे. किल्ल्या नागपूरलाच आहेत. डॉक्टरांनी एक परत द्यायला आणली होती, पण कवडूने हात मागे घेतला.

तो रोज सकाळी येतो. दुपट्ट्याच्या टोकाने आधी शोभाताईचा चेहरा पुसतो, मग पळस, मग नदी. खालची ओळ तो पुसत नाही. आठवडाभर मुरमाची धूळ तिथे साचत जाते आणि शनिवारपर्यंत अक्षरं दिसेनाशी होतात.

मग रविवार उजाडतो. सायकलवाले येतात. त्यांना स्वच्छतेची फार आवड. कोणीतरी बाटलीतलं पाणी रुमालावर ओततं आणि ती ओळ घासून घासून लख्ख करतं. त्यांना अडवायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही कधी या रस्त्याने आलात तर माझी काळजी घेऊ नका. रंग नको, तेल नको. माझी किल्ली कुठे आहे, एवढं विचारा. आणि तेही जमणार नसेल, तर निदान त्या ओळीवरची धूळ राहू द्या.