धूर ढकलणारा पंखा

धर्मेशला काही सांगायला जावं तर तो आधी कानातली इअरफोनची बोंडं काढायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि बोंडं परत घालून स्वतःच्याच मनाचं करायचा. आईशी वागायची ही रीत त्यानं कुठून उचलली, हे इंदुबाईंना कळत नव्हतं. त्याच्या बापाची, बाबुरावांची, तर बायकोसमोर मान वर करायची प्राज्ञा नव्हती.

भाईंदर पूर्वेच्या घरातली मागची खोली धर्मेशनं लेझरच्या मशीनला दिली होती. ट्रंकेएवढं मशीन, आत उजेडाच्या टोकानं लाकूड नि प्लास्टिक कापायचं. दारावरच्या पाट्या, केकवर खोचायची अक्षरं. कामं भरपूर येत होती, आणि कामाबरोबर धूर. जळक्या प्लास्टिकचा वास थेट भातात उतरायचा. पोटुशी सून भूमिका चार दिवस ओकली आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून चेण्याला माहेरी गेली. आता सातव्याची ओटी सासरी भरायची, रविवार ठरलेला, आणि भूमिकेनं फोनवर सांगून टाकलं होतं की घरात तो वास असला तर ती उंबरा ओलांडणार नाही. ओटी राहिली तर भावकीतल्या बायका सुनेला नव्हे, इंदुबाईंना नावं ठेवणार होत्या.

धर्मेशकडे उपाय एकच, आणखी मोठा पंखा. मशीनच्या पाठीला पंखा, पंख्याला लांबलचक नळी, ती दोन वेटोळी घेत खिडकीबाहेर. धूर घरात येऊ नये म्हणून दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला. हा तिसरा पंखा गिरणीसारखा ओरडायचा आणि धूर होता तिथंच. व्हिडिओतल्या माणसानं असाच लावलाय, धर्मेश बोलला. त्या माणसाच्या घरात पोटुशी बाई आहे का, इंदुबाईंनी विचारलं. त्यानं बोंडं घातली.

शुक्रवारी मशीन चालू असताना इंदुबाई देवघरातली पेटती अगरबत्ती घेऊन खोलीत शिरल्या आणि टॉवेल परत फटीत लावला. नळीच्या जोडाशी अगरबत्ती धरली, तर धूर फस्सकन त्यांच्याच तोंडावर आला. पंखा मागून धूर ढकलत होता आणि ढकललेला धूर जोडाजोडातून निसटत होता. मग त्यांनी मशीनच्या झाकणाच्या फटीपाशी अगरबत्ती नेली. तिथं धुराची रेघ जागच्या जागी उभी. इंदुबाईंनी पायानं टॉवेल उडवला, तशी ती रेघ वाकली आणि आत ओढली गेली. खोली कोंडल्यावर पंखा ओढणार तरी काय?

“पंखा खिडकीत ने, तिथून ओढू दे,” त्या म्हणाल्या. “नली सरल कर. दाराखाली हवेला वाट ठेव. चुलीला पन येवढं कलतं.”

धर्मेश हसला. बाबुरावांनी मात्र पेपर बाजूला ठेवला आणि मुकाट्यानं पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणून दिला. मग हसणं थांबलं.

पंखा खिडकीच्या जाळीला लागला, खाडीच्या बाजूला, जिथं कुणाची खिडकी नव्हती. नळी हातभर उरली. मशीन तासभर चाललं. इंदुबाई अगरबत्ती घेऊन जोडनजोड फिरल्या, सगळीकडे धूर नळीत ओढला जात होता. स्वयंपाकघरात वास होता तो फक्त सुक्या जवळ्याचा.

रविवारी भूमिका आली. उंबऱ्याशी थांबून तिनं तीनदा नाक वर केलं, मग चपला काढल्या. बायका जमल्या, पाट मांडला. आणि धर्मेश पाटाशेजारी उभा राहून मावश्यांना समजावू लागला, हवेचा दाब कसा असतो, आपण किती अभ्यास करून पंखा हलवला. बाबुराव छताकडे बघत राहिले.

इंदुबाईंनी तांदळाची शेवटची ओंजळ सुनेच्या पदरात घातली. आवाज चढवला नाही.

“पंखा तुजाच, जा,” त्या लेकाला म्हणाल्या. “पन ही चार दिस ओकत होती तवा तू पाट्या कापत बसलेलास. आता मशीन हिच्या नाकाला इचारून चालवायचं, फोनातल्या मानसाला न्हाय. बाप व्हायला दोन महिने हायत तुला, धर्मेश, आनि अजून तू त्या लायकीचा न्हायस.”