टोपी न काढणारा नावाडी

मित्रांनो, मी एक जुना, नाणे टाकून खेळायचा व्हिडिओ गेम आहे. उंची माणसाएवढी, अंगावर लाकडी फळ्या, छातीवर काचेचा पडदा. मुक्काम सिंगापूर, पासिर रिस, अकराव्या मजल्यावरचा निशिकांत आणि मीनल यांचा फ्लॅट. मी मुळात कुरकुरा नाही, पण सध्या मला राग आला आहे आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म जपानमधला. तेत्सुरो मिनेगिशी नावाच्या तरुणाने मला घडवले. भोवरे चुकवत उतारूंना पैलतीरी नेणारा एक नावाडी, एवढाच माझा खेळ. त्या काळी असे खेळ कोणी फारसे पाहिलेही नव्हते. चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका रंगवून मिनेगिशींनी तो नावाडी काढला. त्यापायी लेकीचे वाढदिवसही त्यांनी चुकवले. पण कंपनीचा नियम कडक होता. खेळ बनवणाऱ्याचे नाव पडद्यावर येता कामा नये, नाहीतर दुसरी कंपनी माणूस पळवते. म्हणून मिनेगिशींनी गुपचूप एक खोडी करून ठेवली. माझी खेळायची दांडी खाली ओढून दोन्ही बटणे एकदम दाबली, की नावाडी टोपी काढायचा आणि खाली त्यांचे पूर्ण नाव उमटायचे. हे गुपित फक्त त्यांना आणि मला ठाऊक होते.

पुढे मी जहाजाने इथे आलो. सेरंगून भागातल्या एका गेमच्या दुकानात पोरांनी माझी बटणे झिजवली. नवे खेळ आले, तशा माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत पडू लागल्या. दुकान बंद झाले तेव्हा निशिकांतने मला घरी आणले. पुण्याचा हा इंजिनिअर माझ्यावरून हात फिरवत म्हणाला होता, "तुला आहे तसाच जपणार." मी त्या शब्दावर विसंबलो.

त्यांची मुलगी अवनी शाळेत जपानी शिकते. एकदा तिच्या एमिको टीचर म्हणाल्या, "माझे वडील म्हणतात, त्यांनी नावाड्याचा गेम बनवला. पण त्यांचं नाव कुठेच नाही. मला ते कधी खरंच वाटलं नाही."

"टीचर, दॅट वन माय हाउस हॅव लाह," तो गेम आमच्या घरी आहे, असे अवनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

ते वडील म्हणजे माझे मिनेगिशीच; तेव्हा ते इथे लेकीकडेच राहत होते. वय ऐंशीच्या घरात. रविवारी दोघांनी यायचे ठरले. "तिथे तुला एक गंमत दाखवीन," एवढेच ते लेकीला म्हणाले.

पाहुणे येणार म्हटल्यावर मराठी घरात काय होते, ते तुम्ही जाणताच. मीनलने पडदे धुतले, ठेवणीतल्या कपबश्या काढल्या. निशिकांतची नजर माझ्यावर पडली. मी खेळता खेळता मध्येच अडकायचो, हे खरे आहे.

"पाहुण्यांसमोर शोभा नको," तो म्हणाला.

"अरे, राहू दे ना आहे तसं," मीनल म्हणाली.

"अगं, नव्या बोर्डात तीन हजार गेम आहेत. हाही आहे त्यात."

माझे काळीज म्हणजे आतला तो जुना हिरवा सर्किट बोर्ड; खेळ आणि ते गुपित त्यातच होते. त्याने तो उपसला आणि मॉलमधल्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकून आला. वर रीसायकल केल्याचे समाधान!

रविवारी मिनेगिशींनी मला कमरेत वाकून नमस्कार केला. निशिकांतने यादीतून नावाडी काढून दिला. तीच होडी, तेच भोवरे. म्हाताऱ्याने लेकीला जवळ बोलावले, दांडी खाली ओढली आणि दोन्ही बटणे दाबली. नावाडी ढिम्म. पुन्हा दाबली, तिसऱ्यांदा दाबली. नव्या बोर्डातला खेळ चोरीची नक्कल होता. नक्कल करणाऱ्यांनी सगळे उचलले होते आणि नाव तेवढे पुसले होते.

"इथे माझं नाव यायचं," ते म्हणाले.

"असू दे, बाबा," एमिको म्हणाल्या. लहान मुलाची थाप ऐकून घेतल्यावर आपण हसतो, तशा त्या हसल्या.

"पण गेम तोच आहे ना, अंकल?" निशिकांतने विचारले.

अवनीच्या मात्र लक्षात आले. "पपा, द ओल्ड बोर्ड हाउ?" जुन्या बोर्डाचे काय केले, ते त्याला सांगावे लागले. ती त्याला घेऊन मॉलकडे धावली, पण पेटी रिकामी झाली होती.

मित्रांनो, कंपनीने नाव दडवले, चोरांनी पुसले. ते परके होते, त्यांच्याकडून मी काही मागितले नव्हते. ज्याने जपतो म्हणून शब्द दिला, त्याने मला चार लोकांत मिरवण्यासाठी आतून रिकामे केले. एखादी जुनी वस्तू नीटनेटकी करायला घ्याल, तेव्हा तिच्यात कोणाचे काय ठेवलेले आहे, हे आधी विचारा.

मी अजून त्याच हॉलमध्ये चकचकीत उभा आहे. मला आता तीन हजार खेळ येतात. तेत्सुरो मिनेगिशी हे नाव मी तुम्हाला सांगितले, ते लक्षात ठेवा. त्यांच्या लेकीला मात्र मी ते दाखवू शकलो नाही.