मागच्या सीटवरचं हो

रविवारी फिरायला जायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं, पण नाही गेलो तर त्याहून जास्त चिडचिड होते. आठवडाभर फॉल-पिको करून माझी मान आखडलेली, आणि माझा नवरा पंकज सहा दिवस साहेबांची गाडी चालवून सातव्या दिवशी आमची चालवणार. आमची म्हणजे जुनीच घेतलेली, काच हातानं फिरवायची. काटोलच्या पुढे नरखेडकडे आतल्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा आणि मधून वळणावळणाचा अरुंद रस्ता. बघायला छान. आमची धनू मात्र वळणांवर ओकते, म्हणून मी तिला मांडीवर निजवून मागे बसते.

त्या रविवारी मला बागा बघायच्याच नव्हत्या. साहेबांची बदली पुण्याला झाली होती आणि त्यांना पंकज सोबत हवा होता. राहायला त्याच्यापुरती एक खोली देणार होते. आम्ही मायलेकी इथेच. आठ दिवस मी विचारत होते, जाणार की नाही, आणि आठ दिवस हा नुसता "पाहू" म्हणत होता. म्हटलं, गाडीत तरी तोंड उघडेल.

कसलं काय! ड्रायव्हरला मागच्या माणसांशी गप्पा मारायची सवयच नसते. मागून काही सांगितलं की हो म्हणायचं, एसी कमी-जास्त करायचा, बाकी रस्ता बघायचा. सहा दिवसांची सवय रविवारी कुठे जाणार?

"का जी, बोलून काहून नाही राहिले?"

"वळण आहे वं."

ते वळण गेलं, पुढे दुसरं होतंच.

एका तलावाजवळ थांबलो. पंकजनं उतरून माझ्या बाजूचं दार उघडून धरलं. मी धनूला घेऊन झाडाखाली सतरंजी टाकली, डबा काढला आणि वळून बघते तर हा गाडीपाशीच उभा, फडक्यानं काच पुसतोय. साहेबलोकांचं जेवण होईस्तोवर ड्रायव्हर गाडी सोडत नाही ना! माझं डोकंच फिरलं. ताटलीत तिखट पुऱ्या आणि लोणचं वाढलं, आणि त्याच्या मॅडम देतात तशी नेऊन बोनेटवर ठेवली.

"ड्रायव्हर दादा, जेवून घ्या."

त्यानं पुरी उचललीसुद्धा. मग माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवली.

"मी सायबाले हो म्हणून टाकलं," तो म्हणाला. "शुक्रवारी."

"मले न विचारता?"

"त्यायनं गाडीत विचारलं ना, मागून. तोंडातून निंघून गेलं, हो सर."

रागवायचंही बळ माझ्यात उरलं नव्हतं. एसी काय आणि पुणं काय, मागून आलं की याचं हो ठरलेलं. मला रडू आलं आणि रडायचाही कंटाळा आला. डबा बांधला, धनूला उचललं, पुन्हा मागे जाऊन बसले.

येताना मात्र पंकज बोलत सुटला. पगार वाढेल, धनूला चांगल्या शाळेत टाकू, दिवाळीला मी येईन, उन्हाळ्यात तुम्ही दोघी या. इतके रविवार मी ज्याची वाट बघितली ते सगळं बोलणं आज एकदम निघत होतं, आणि मला ते नको झालं होतं.

"चार-पाच वर्षाची तर गोष्ट आहे. निंघून जातीन ना वर्षं?"

"हो."

"तू राहशीन ना वं इथं, पोरीले घेऊन?"

"हो."

"मंग चालते ना तुले?"

"हो."

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. असलं हो त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं.

एका बागेच्या कुंपणाला त्यानं गाडी लावली. उतरला, पण या वेळी माझं दार उघडलं नाही. खिशातून मोबाइल काढून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. खिडकी उघडीच होती.

"सर, पंकज बोलून राहिलो." मग "हो सर." मग पुन्हा "हो सर."

"नाही सर," तो म्हणाला. "पुण्याचं नाही जमणार मले."

तो येऊन स्टिअरिंगवर बसला. उद्या साहेब काय म्हणतील, नोकरी राहील का, मी काहीच विचारलं नाही. धनूला मागच्या सीटवर आडवं केलं आणि पुढे जाऊन त्याच्या शेजारी बसले.

"पोरगी ओकन ना मागं," तो म्हणाला.

"ओकू द्या," मी म्हटलं.